काकांची दोन बोटं आणि वाळूजचे रोबोट

आजचा भाग जरा घरचा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की शहराचे दरवाजे, लेणी, मकबरा यावर इतकं बोलता, मग ज्या एमआयडीसीनं आपल्या सगळ्यांची घरं चालवली तिच्यावर कधी बोलणार? तर आज बोलतो. हे त्या भागाचं लेखी रूप. बोलताना जिथं अडखळलो ते सावरून घेतलंय, बाकी तसंच ठेवलंय.

माझ्या काकांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकीची दोन १९९१ साली वाळूजच्या एका शेडमध्ये गेली. शेडचं नाव सांगत नाही, ती आता उरलेलीही नाही. चार पॉवर प्रेस, आठ-नऊ माणसं, आणि मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरला लागणारे पत्र्याचे छोटे जॉब. डाव्या हातानं पट्टी सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून डाय खाली येणार, ठक्, आणि उजव्या हातानं तयार जॉब उचलायचा. एका पाळीत हे हजारो वेळा. त्या दिवशी प्रेसनं डबल मारला. म्हणजे पेडल एकदाच दाबलेलं, पण डाय वर जाऊन आपोआप परत खाली आली. काका हे दर वेळी तीन वाक्यांत सांगतात: "पेडलवर पाय नव्हता. हात आत होता. संपला विषय."

विषय अर्थातच संपला नाही. ईएसआयचं कार्ड नव्हतं. मालकानं दवाखान्याचा खर्च केला, दोन महिन्यांचा पगार दिला आणि परत आल्यावर झाडलोटीचं काम दिलं. कामगाराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ पासून आहे, पण हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार!

आता हे सगळं आज का काढलं? काकांची नात मेकाट्रॉनिक्स शिकते. गेल्या दिवाळीत तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. प्रेसच्या पुढे एक रोबोट उभा, पत्रा आत ठेवतोय, हात बाहेर काढतोय, डाय खाली, पुन्हा हात आत. काकांनी तो दोनदा बघितला. मग मोबाईल तिच्या हातात परत देत म्हणाले, "हा तव्हा कुठं होता?"

पोरगी हसली. मला काही हसू आलं नाही. इतिहासावर पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सरळच आहे: १९९१ साली रोबोट कुठं होता? आजचा भाग म्हणजे या प्रश्नाचं माझ्या परीनं शोधलेलं उत्तर.

सुरुवात पाणचक्कीपासून करू या. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना तिथं नेतो, हौदातले मासे दाखवतो आणि परत येतो. पण ती वास्तू नीट बघितली तर आपल्या शहरातलं माणसाचा हात वगळून चालणारं ते बहुधा सगळ्यात जुनं यंत्र आहे, निदान आज डोळ्यांनी बघता येईल असं. बुखाऱ्याच्या बाजूनं आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ती जोडलेली. अठराव्या शतकात तिथलं बरंच बांधकाम झालं. काही किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, उताराचा आणि दाबाचा हिशेब करून आणलेलं. ते वरून पडतं, खालचं पातं फिरतं आणि पात्याबरोबर जात्याची तळी. फकीर, वाटसरू, अनाथ यांच्यासाठीचं पीठ त्यावर दळलं जायचं. कुणाचा खांदा दुखत नाही, बैल लागत नाही, रात्री झोपलात तरी दळण चालू.

आणि तरीही, ही चक्की फिरत असताना याच शहरात घराघरांत बायका पहाटे उठून जात्यावर बसत होत्या. विजेची गिरणी गल्लीत येईपर्यंत बसत राहिल्या. चक्कीचं तंत्र तर समोर होतं, मलिक अंबरच्या काळापासून नहरीही होत्या. पण दर्ग्याला रोज शेकडो माणसांचं पीठ लागायचं, म्हणून तिथं चक्की बांधणं परवडलं. घरातल्या बाईचा हात फुकटचा, त्याच्याऐवजी यंत्र कोण बसवणार? हा मुद्दा लक्षात ठेवा, वाळूजला गेल्यावर तो परत भेटणार आहे.

हिमरूवर मी एक वेगळा भाग करणार आहे, म्हणून इथं थोडक्यात. नक्षीच्या कापडाचा जुना माग दोन माणसांचा असायचा. एक विणणारा, आणि दुसरा, बहुतेक वेळा लहान पोरगा, नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढणारा. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्डनं भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मागावर लावली आणि त्या पोराचं काम कार्डांनी घेतलं. भोक असेल तर दोरा उचलायचा, नसेल तर नाही. आज कारखान्यात मशिनला हुकूम सोडणारा पीएलसी नावाचा डबा असतो ना, त्याचा पणजोबा म्हणजे हे पुठ्ठ्याचं कार्ड.

मग निजामाच्या काळात वाफ आली. १८८९ साली शहरात सूत कातण्या-विणण्याची गिरणी उभी राहिली, तिच्यात सुमारे ७०० माणसं कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जालन्याकडे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. एवढंच. पुढची साठेक वर्षं मराठवाड्यात उद्योग म्हणावा असं फार काही घडलं नाही. १९४८ मध्ये निजामी राजवट गेली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आधी रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाण्याला प्लॉट पडले. पण गावाकडच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. माझे काका १९६१ चा जन्म. १९७२ च्या दुष्काळात ते अकरा वर्षांचे होते आणि आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. 'यंत्र' म्हणजे काय, तर साहेबाची जीप.

काका जन्मले त्याच वर्षी, १९६१ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. वजन सुमारे १,८०० किलो, नुसता एक हात. आणि त्याला काम कोणतं दिलं? डायकास्टिंगच्या मशिनमधून तापलेले कास्टिंग बाहेर काढायचं. माणसाचा हात भाजायचा, धुरानं छाती भरायची, ते काम. 'रोबोट' हा शब्द त्याच्याही चाळीस वर्षं आधीचा. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो आला. चेक भाषेतल्या 'रोबोटा'चा अर्थ होतो वेठबिगारी. आपल्याकडे वेठबिगार म्हटलं की अर्थ सांगावा लागत नाही.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की रोबोट तेव्हा होता. काकांच्याच वयाचा होता. १९९१ मध्ये दोघंही तीस वर्षांचे होते.

आता वाळूज. ऐंशीच्या दशकात नगर रोडवर एमआयडीसीनं वाळूजची वसाहत टाकली आणि तिथं बजाज ऑटो आली. कंपनीनं अवघ्या सोळा महिन्यांत उत्पादन सुरू केलं, ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सुरुवातीला तिथं एम-८० बनायची. आमच्या भागात त्या गाडीवर दूध, भाजी, अख्खं कुटुंब, एकदा तर शेळीसुद्धा जाताना मी बघितली आहे. पण बजाजनं नुसती गाडी आणली नाही, गाडीमागचं अख्खं गाव आणलं. एन्ड्युरन्स ही कंपनी त्याच सुमारास इथं सुरू झाली, बजाजसाठी ॲल्युमिनियमचं डायकास्टिंग करायला. मग व्हॅरॉक. मग त्यांना सुटे भाग देणारे, त्यांना वॉशर देणारे, त्या वॉशरला प्लेटिंग करून देणारे. गंगापूर, पैठण, अंबड, भोकरदनची पोरं रांजणगाव शेणपुंजीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघं-चौघं राहायला आली. काका त्यांतलेच एक, १९८६ ला आले.

इथं थोडं नीट बघू. कारखान्यांची ही उतरंड आहे. सगळ्यात वर गाडी जोडणारी कंपनी. तिच्या खाली मोठे व्हेंडर. त्यांच्या खाली मधले. आणि सगळ्यात खाली भाड्याची शेड आणि सेकंडहँड प्रेस. रोबोट या उतरंडीवरून खाली उतरत आला, पण तळापर्यंत आलाच नाही.

वर तो कशासाठी आला? माझ्या मते माणसाचे हात वाचवायला नाही. वेल्डिंगचा टाका पहिल्या पाळीला जसा पडला तसाच तिसऱ्या पाळीच्या शेवटीही पडावा, रंग सगळीकडे सारखा बसावा, आणि मिनिटाला ठरलेल्या गाड्या निघाव्यात, म्हणून. हात वाचले हा त्याचा फायदा. खराही आहे, मी तो नाकारत नाही. डायकास्टिंगच्या मशिनपुढे रोबोट असेल तर तिथला माणूस भट्टीपासून चार पावलं लांब उभा राहतो. ज्यानं ती धग सोसलीय त्याला विचारा या चार पावलांची किंमत.

मग २०१० च्या सुमाराला एक वेगळी गोष्ट झाली. तोपर्यंतचे रोबोट पिंजऱ्यात असायचे, कारण त्यांना समोर माणूस आला की लोखंड हे कळत नसे. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीनं पाच किलो उचलणारा हलका हात काढला होता. कुणाला धक्का लागला की तो थांबतो. याला कोबॉट म्हणतात, सोबत काम करणारा रोबोट. भारतात असे कोबॉट आधी घेणाऱ्यांत बजाज ऑटो होती. २०१० पासून त्यांनी ते बसवायला घेतले आणि काही वर्षांत संख्या शंभराच्या वर गेली. चाकणच्या त्यांच्या लाइनवर मुली मोठ्या संख्येनं काम करतात. नटबोल्ट ठरलेल्या जोरानं आवळणं, जड भाग उचलून देणं ही कामं कोबॉटकडे गेली की तिथं ताकदीचा प्रश्न उरत नाही.

(गंमत बघा. त्याच २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शहरातल्या लोकांनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्याच वर्षी वाळूजच्या किती शेडमध्ये प्रेसला गार्ड बसला, याची बातमी मी शोधली. सापडली नाही.)

आपण फक्त रोबोट विकत घेणारं शहर नाही, हेही सांगायला हवं. रेल्वे स्टेशन एमआयडीसीत ग्राइंड मास्टर नावाची कंपनी आहे, १९८४ पासूनची. धातूला घासून-पुसून गुळगुळीत करायची मशिनं बनवते, आणि कास्टिंगच्या कडा साफ करणारे, बर काढणारे रोबोटचे सेटही. फेटलिंगचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. हातात ग्राइंडर, तोंडावर रुमाल, ठिणग्या, आणि दिवसभर धूळ छातीत. माणसानं करूच नये असं काम असेल तर ते हे. आणि रोबोटला ते शिकवणं अवघड, कारण प्रत्येक कास्टिंगची कड जरा वेगळी असते. हातानं किती दाबायचं हे माणसाला न सांगता कळतं, रोबोटला ते सेन्सर लावून शिकवावं लागतं. आपल्या स्टेशनजवळची माणसं हे करतात याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

आता परत काकांच्या प्रेसकडे.

पहिल्यांदा माझं म्हणणं सोपं होतं: रोबोट महाग आहे, ठीक, मग निदान लाइट कर्टन तरी बसवा. म्हणजे डायच्या पुढे प्रकाशाचा न दिसणारा पडदा, हात मध्ये आला की मशीन थांबणार. एका जुन्या टूलरूमवाल्या मित्रानं माझी शिकवणी घेतली. म्हणाला, "तुझ्या काकाचा प्रेस थांबतच नाही रे मध्ये." जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की क्लचची चावी अडकते आणि मग पूर्ण एक फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. डाय निम्म्यावर आली आणि सेन्सर ओरडला तरी ती खाली येणारच. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली तर एका दाबात दोन फेरे. म्हणजे डबल. अशा प्रेसवर लाइट कर्टन लावणं म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला हॉर्न बसवणं. आधी क्लच बदलायला हवा, हवेच्या दाबावर चालणारा, मधेच सुटू शकणारा. तो खर्च त्या जुन्या प्रेसच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. स्वस्तातलं काय, तर डायभोवती जाळीचा गार्ड, पट्टी सरकवायला घसरगुंडी, आणि जॉब उचलायला चिमटा किंवा चुंबकाची काठी. यातल्या कशालाही रोबोट म्हणत नाहीत. पण काकांची बोटं वाचवायला तेवढं पुरलं असतं.

तेवढंही का नव्हतं? गार्डमुळे वेग कमी होतो आणि जॉबचा दर पैशांत ठरतो, म्हणून. आणि हात स्वस्त होता म्हणून. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये धोक्याच्या भागाला कुंपण घाला असं स्पष्ट लिहिलंय. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले तर लागायचा. काकांच्या शेडमध्ये आठ-नऊ होते, आणि ते तसे का होते हे सांगायला नको. पुढे महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ही मर्यादा दहावरून वीस केली. केंद्राच्या २०२० च्या नव्या संहितेतही ती वीसच आहे. उद्योजकांची बाजू मला माहीत आहे. इन्स्पेक्टरचा जाच, कागदांचे ढीग, लहान माणसाला धंदा करणं मुश्कील. खरं आहे ते. माझ्या ओळखीचे शेडवाले स्वतःही प्रेसवर बसतात, त्यांच्याही बोटांवर खुणा आहेत. पण जिथं बोटं सगळ्यात जास्त धोक्यात, तिथूनच कायदा एक पायरी वर सरकला, हेही तितकंच खरं आहे.

आकडे थोडेच देतो. २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट बसले, तोपर्यंतचा विक्रम. त्यातले ३,५५१ एकट्या वाहन उद्योगात. त्याच वर्षी चीनमध्ये बसले २ लाख ७६ हजारांवर. आपल्याकडे कमी का, याचं एक उत्तर माणूस स्वस्त आहे हे. आणि जे बसले ते कुठं बसले, याचंही उत्तर तेच. जिथं माणूस महाग पडतो किंवा माल परत आला तर मोठा भुर्दंड बसतो, तिथं. घरच्या जात्यापुढे कुणी पाणचक्की बांधली नव्हती, तसंच हे.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हे. तो तेव्हा होता, पण तुमच्याकडे येणार नव्हता. तुम्ही त्याच्यापेक्षा स्वस्त होतात.

हे मी त्यांना असंच्या असं सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

आता पुढचं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिकची सुमारे १०,००० एकर जमीन आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, सुमारे २०,००० कोटींचा. एथर, जेएसडब्ल्यू यांच्या विजेवरच्या गाड्यांच्याही घोषणा झाल्या. टोयोटाच्या वेळी थेट नोकऱ्यांचा आकडा ८,००० सांगितला गेला. भागाकार करा, एका नोकरीमागे अडीच कोटी. १८८९ च्या गिरणीतली ७०० माणसं हातांनी भरलेली होती. बिडकीनच्या शेडमध्ये रोबोट पहिल्या दिवसापासून असतील, आणि हेल्पर म्हणून आत शिरून हळूहळू ऑपरेटर होण्याची जी वाट काकांच्या पिढीला होती, ती तिथं अरुंद असणार. दारातून आत जायलाच डिप्लोमा लागेल. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्था ते शिकवतात, पण तिथवर पोचायला दहावीनंतर कुणीतरी फी भरावी लागते. आणि उतरंड तर तिथंही होणारच. त्या गाड्यांनाही ब्रॅकेट लागतील, वॉशर लागतील, आणि ते कुठल्यातरी शेडमध्ये दाबले जातील.

काकांच्या नातीचं एवढंच सांगतो. गेल्या महिन्यात तिच्या संस्थेत पालकांना बोलावलं होतं. तिचे वडील पाळीला, म्हणून काका गेले आणि त्यांना सोडायला मी. तिनं टीच पेंडंट हातात घेऊन रोबोटला एक ठोकळा इकडून तिकडे ठेवायला शिकवलं. पेंडंट म्हणजे टॅबसारखं असतं, त्यावरून रोबोटला एकेक जागा दाखवायची. काका शर्टाच्या खिशात उजवा हात घालून उभे होते, चारचौघांत ते तसेच उभे राहतात. बराच वेळ बघितल्यावर पुढे झाले.

"थांबवायचं बटन कुठंय याचं?"

तिनं पेंडंटवरचं लाल बटन दाखवलं. "हे बघा आबा."

"आन् हे दाबल्यावर लगेच थांबतो? का फेरा पुरा करतो?"

"लगेच थांबतो. आहे तिथंच."

"दाब बरं."

तिनं दाबलं. हात हवेत मध्येच थांबला, ठोकळ्यासकट. काकांनी खिशातून हात काढला, त्या थांबलेल्या हाताच्या खाली सरकवला, तिथं थोडा वेळ ठेवला आणि मग बाहेर घेतला.

"बरं," म्हणाले. "चालव आता."

मंडळी, तुमच्या घरात, गल्लीत वाळूज-चिकलठाण्याच्या पहिल्या पिढीतलं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला आणि मला कळवा. नाव द्यायचं नसेल तर नका देऊ. पुढच्या भागात ठरल्याप्रमाणे हिमरू, नवाबपुऱ्यातून. भेटू.